पाचवीचा कोरा कागद

भाकरी थापता थापता, कापूस निवडता निवडता किंवा लेकराला मांडीवर घेऊन ज्या कुणी ऐकत असाल, त्या सगळ्या काकू, मावशी, ताई, वहिनींना आम्हा बचत गटाच्या ताईंचा राम राम, जय भीम, सलाम.

नेहमी आम्ही इथं येतो ते कर्जाचं, हप्त्याचं, शेळ्यांचं आणि पापड-मसाल्याचं बोलायला. आज त्यातलं काही नाही. आज बाळंतिणीच्या मनाबद्दल बोलायचंय, आणि त्या मनासाठी आम्ही गावात चित्रांच्या, गोधडीच्या आणि ओव्यांच्या ज्या बैठका घेतल्या, त्यांच्याबद्दल.

बाळ झालं की पाचव्या दिवशी आपण सटवाई पुजतो. पाटा-वरवंटा मांडतो, हळदकुंकू वाहतो, दिवा लावतो. बऱ्याच घरांत तिथं एक कोरा कागद आणि पेनही ठेवतात. रात्री सटवाई येते आणि लेकराचं नशीब लिहून जाते, असं आपल्या आज्या सांगत आल्या. आता कुणी मानो न मानो, कागद मात्र ठेवला जातो. त्याच खोलीत बाजेवर त्या लेकराची माय पडलेली असते. तिला काय वाटतंय, ते लिहायला कुणी कागद ठेवत नाही. सव्वा महिनाभर घरात येणारं प्रत्येक माणूस विचारतं, "लेकरू कसंय? दूध पितंय का? कुणावर गेलंय?" तिला विचारलंच तर एवढंच, "दूध येतंय ना?"

आम्हीही असंच विचारत होतो. आमचे डोळे उघडले ते आमच्याच एका चुकीनं.

आपल्या जिल्ह्यातल्या एका गावातली ही गोष्ट. गाव सांगणार नाही, नाव तर नाहीच. जिची गोष्ट आहे तिनं मात्र सांगायची परवानगी दिलेली आहे. तिथला गट चांगला. बैठक वेळेवर, बचत वेळेवर, परतफेड वेळेवर. गैरहजर राहिलं तर दहा रुपये दंड, हा नियम बायांनी स्वतःच केलेला. त्या गटातली एक तरुण बाई बाळंत झाली, दुसरी मुलगी झाली. दोन-अडीच महिने झाले तरी ती बैठकीला येईना. पहिल्या खेपेला दंड लिहिला, दुसऱ्या खेपेला लिहिला, असे चार दंड झाले. बैठकीत बाया म्हणायच्या, "दुसरी पोरगी झाली म्हणून तोंड पाडून बसलीय." कुणी म्हणायचं, "आळशी झाली. आम्ही काय लेकरं काढली नाहीत?" आम्ही वही तपासायला गेलो तेव्हा ते चार दंड पाहिले आणि खाली सही केली. वर गटाचं कौतुकही केलं, की तुमची शिस्त चांगली आहे.

पुढं आशाताईनं सांगितलं तेव्हा कळलं. ती बाई रात्र रात्र जागी असायची. लेकरू झोपलं तरी हिला झोप नाही. अंघोळ नाही, केस विंचरणं नाही. लेकरू रडलं की हिच्या अंगाला घाम सुटायचा. एकदा ती जावेला म्हणाली होती, "हिचा आवाज आला की मला कुठंतरी पळून जावं वाटतं." जावेला वाटलं, बाहेरचं काही असेल. अंगारा झाला, उतारा झाला. शेवटी तिची आई येऊन तिला माहेरी घेऊन गेली आणि डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे आणि तो बरा होतो. काही महिन्यांनी ती खरंच सावरून परत आली.

ती सावरली. पण वहीत तिच्या नावापुढं चार दंड होते आणि त्याखाली आमची सही होती. आजारी बाईला आपण दंड केला. तिला ताप असता, टाके पिकले असते, तर केला असता का? केला नसता. खिचडी घेऊन गेलो असतो.

तेव्हा आम्ही आधी माहिती घेतली. ती तुम्हालाही सांगतो.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत बाई उगाच रडते, चिडते, घाबरते. हे पुष्कळ जणींना होतं. अंगातले बदल, जागरण, दुखणं, यामुळं ते होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप कमी होतं. तिला विश्रांती, पोटभर जेवण आणि मायेचं माणूस मिळालं की भागतं. पण दोन आठवडे उलटूनही उदास वाटतच राहिलं, झोप-भूक गेली, लेकराची ओढ वाटेना, नाहीतर त्याच्या काळजीनं जीव सतत टांगणीला लागला, "मी वाईट आई आहे" हा एकच विचार मनात फिरू लागला, तर तो आजार समजायचा. त्याला प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हणतात. पोटुशी असतानाही तो होऊ शकतो, आणि बाळंतपणाला कित्येक महिने झाल्यावरही.

किती जणींना होतो? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की आपल्यासारख्या विकसनशील देशांत गरोदरपणात शंभरातल्या साधारण 16 जणींना आणि बाळंतपणानंतर साधारण 20 जणींना मनाचा त्रास होतो. आपल्या देशातले 38 अभ्यास एकत्र करून 2017 साली एक हिशोब निघाला. त्यात 20 हजार बायांची माहिती होती. प्रसूतीनंतरचं नैराश्य शंभरात 22 जणींना, असा तो आकडा आला. म्हणजे पाच बाळंतिणींमागं एक. आपल्या गटात गेल्या दोन वर्षांत किती बाळंतपणं झाली, ते आठवा आणि बोटावर मोजा.

मग इतक्या जणींना होतं, तर ऐकू का येत नाही? कारण आईनं असं बोलायचंच नसतं. आई म्हणजे माया, आई म्हणजे देव, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात खोटं काही नाही. पण ज्या आईला आज माया दाटून येत नाही, जिला नुसती झोप हवीय, तिनं काय करायचं? ती गप्प बसते. आपल्यात काहीतरी कमी आहे, असं धरून चालते.

आपल्या जालन्याच्या शेजारीच सिंदखेडराजा. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला आपल्यातल्या कितीतरी जणी गाड्या करून जातात. जिजाऊंचं धैर्य आपण सांगतो, सांगायलाच हवं. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. 1629 साली देवगिरीच्या किल्ल्यात त्यांचे वडील लखुजी जाधव आणि भाऊ मारले गेले, तेव्हा जिजाऊ पोटुशी होत्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1630 मध्ये, शिवनेरीवर शिवबा जन्मले. माहेर उजाडलेलं आणि पोटात बाळ. ते महिने त्या बाईनं कसे काढले असतील? त्यांच्याजवळ कोण बसलं असेल? आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो, तेव्हा हाही प्रश्न मनात आला पाहिजे. दुःख झालं म्हणजे धैर्य संपलं, असं काही नसतं.

आता तुम्ही म्हणाल, की पूर्वीच्या बाया कुठं जात होत्या डॉक्टरकडं? त्यांचं कसं भागलं?

खरं सांगायचं तर सगळ्यांचं भागलं नाही. कितीतरी जणींनी विहीर जवळ केली, कितीतरी जणींना वेडी ठरवून माहेरी धाडलं. पण एक होतं. बायांना बोलायच्या जागा होत्या. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. दळण फिरायचं आणि तोंडातून ओवी यायची. सासरचं, माहेरचं, भावाचं, लेकराचं, मेलेल्या लेकराचंही. समोर कुणी पुरुषमाणूस नाही, आणि जात्याच्या घरघरीत सासूलाही सगळं नीट ऐकू जात नाही. जे बोलता येत नव्हतं ते गाता येत होतं.

या ओव्या किती असतील? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या डोंगराळ गावांतून त्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं त्यांच्याबरोबर गावोगावच्या बायाही कामाला लागल्या आणि महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यात आपल्या मराठवाड्यातल्या, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. 2017 पासून ‘पारी’ या संस्थेनं त्या मोबाईलवर वाचता-ऐकता येतील अशा खुल्या केल्यात. लिहिता न येणाऱ्या बायांनी एवढं मोठं भांडार उभं केलं. आपल्या शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हतं. तिशीच्या आसपास वैधव्य आलं, पदरी लेकरं, शेतातली कामं. त्या घरोट्यावर आणि शेतात गात राहिल्या, घरच्यांनी ती गाणी टिपून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली, त्यांचं पुस्तक निघालं.

म्हणून जातं परत आणा, असं आम्ही म्हणत नाही. जात्यानं बायांचे खांदे मोडले. पिठाची गिरणी आली, फार बरं झालं. पण जात्याबरोबर ती जागाही गेली. पाणी नळाला आलं, विहिरीवरचं बोलणं संपलं. विकतची ब्लँकेट आली, चारचौघींनी ओसरीवर बसून वाकळ शिवणं संपत आलं. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं. मात्र बोलायची जागा आपणहून तयार होत होती, ती आता मुद्दाम करावी लागणार.

हे आमचंच म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर उदास झालेल्या 134 आयांचे तीन गट केले. एका गटानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, लेकरांना घेऊन एकत्र गाणी म्हटली. दुसऱ्या गटानं लेकरांबरोबर वेगवेगळे कलेचे खेळ केले. तिसऱ्या गटाला नेहमीची सेवा मिळाली. शेवटी तिन्ही गटांत सुधारणा होती, पण ज्यांचा त्रास जास्त होता त्यांच्यात गाणाऱ्या आया लवकर सावरल्या. आम्ही हे वाचलं तेव्हा हसूच आलं. पाळणा म्हणणं, एकमेकीच्या आवाजात आवाज मिसळणं, हे तर आपल्या घरचंच.

मग उन्हाळ्यात, पऱ्हाट्या उपटून झाल्या आणि हाताला जरा सवड आली, तेव्हा आम्ही त्याच गावात चार बैठका घ्यायच्या ठरवल्या. शाळेला सुट्टी होती, तिथली एक खोली मागून घेतली. दुपारी दोन ते चार. दर आठवड्याला एक. बारा बाया. सगळ्यात धाकटी विशीतली, सगळ्यात थोरली साठी ओलांडलेली. लेकरं सांभाळायला दोन मोठ्या मुली बाहेरच्या व्हरांड्यात बसवल्या.

पहिली बैठक कागदाची. पाचवीला लेकरासाठी ठेवतात तसा कोरा कागद, पण या खेपेला मायसाठी. प्रत्येकीसमोर एक मोठा कागद ठेवला. मधे गेरू, कोळसा, हळद, नीळ. सांगितलं, दिवस गेल्यापासून आजपर्यंतची तुमची वाट यावर काढा. अक्षर लिहायचं नाही. बाया हसल्या. "हे काय पोराठोरांचं काम लावलंय?" "आम्हाला कुठं चित्र येतं?" मग आम्ही स्वतः आधी काढलं, वेडंवाकडंच. ते बघून हात चालू झाले.

साठी ओलांडलेल्या आजीनं सात गोल काढले. त्यातले तीन कोळशानं भरून टाकले. विचारलं तर म्हणाली, "सात बाळंतपणं झाली. हे तीन राहिले नाहीत." तिच्या शेजारी तिची चुलतसून बसलेली होती. इतकी वर्षं एका वाड्यात राहून तिला हे माहीत नव्हतं. आजी रडली नाही. गोलांवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "नावंबी ठेवली होती."

एका बाईला लेकरूबाळ नाही. तिला बोलवावं की नाही, यावर आमच्यातच वाद झाला होता. विषय आईपणाचा, तिला वाईट वाटेल, असं एकीचं म्हणणं. शेवटी तिलाच विचारलं, तर ती आली. तिनं कागदावर एक मोठी पंगत काढली आणि अगदी कडेला एक बाई काढली. म्हणाली, "डोहाळजेवणाला मला मागं बसवतात. ओटी भरायला बोलवत नाहीत. दिराची दोन्ही लेकरं मीच मोठी केली, ते कुणी धरत नाही." खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यातल्या चार-पाच जणींनी तिला स्वतः मागं बसवलेलं होतं.

दुसरी बैठक चिंधीची. घरून जुन्या कपड्याचा एक तुकडा आणा, ज्याच्याशी तुमच्या बाळंतपणाची काही आठवण आहे, असं सांगितलं होतं. कुणी लुगड्याचा काठ आणला, कुणी लेकराच्या कुंचीचा तुकडा. एक ताई दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाते. आपल्या घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर भागातून किती जोडपी जातात, तुम्हाला माहीतच आहे. तिनं झोळीच्या कापडाचा तुकडा आणला होता. तिचं लेकरू फडातच, पालात जन्मलं. सव्वा महिना कुठला? उचल घेतलेली, कोयता मोडला तर पैसे फिरतात. थोड्याच दिवसांत ती मोळ्या बांधायला उभी राहिली आणि लेकरू झोळीत. ती म्हणाली, "झोळीकडं बघायची मला भीती वाटायची. ते रडलं तर जाता येत नव्हतं, नाही रडलं तर वाटायचं गेलं की काय." हे सांगताना तिच्या हातात सुई होती आणि नजर टाक्यावर होती.

यातून आम्ही एक शिकलो. समोरासमोर खुर्च्या टाकून "तुमचं दुःख सांगा" म्हटलं तर कुणी सांगत नाही. हाताला काम दिलं, नजर खाली राहिली, म्हणजे बोलणं आपोआप सुटतं. पूर्वी जात्यावर तेच होत होतं.

आणि ज्या बाईला आपण दंड केला होता, ती? पहिल्या बैठकीला ती आली नाही. दुसऱ्या बैठकीला आली, पण चिंधी आणली नव्हती. भिंतीला टेकून बसली. कुणी आग्रह केला नाही. तिसऱ्या खेपेला तिनं काळ्या परकराचा एक तुकडा आणला आणि गोधडीला एका कोपऱ्यात लावला. आमच्यातली एक म्हणाली, "लेकराच्या गोधडीला काळं कशाला?" तर ती म्हणाली, "ते दिवस असेच होते. ते काढून टाकले तर ही गोधडी मपली कशी?" तो तुकडा आहे तिथंच ठेवला.

तिसरी बैठक ओव्यांची. आजीनं जुन्या म्हटल्या, बाकीच्यांनी मागून धरल्या. मग नव्या बांधायला सांगितलं. एकीनं बांधली, की बघायला येणारे लेकराला टोपरं आणतात, झबलं आणतात, बाजेवरच्या मायला कुणी विचारत नाही. दुसरीनं बांधली ती गोळ्यांच्या पाकिटावर. हसून हसून पुरेवाट झाली. हसणंही लागतं, बायांनो. नुसतं रडायला कुणी दुसऱ्यांदा येत नाही.

चौथ्या बैठकीला घरच्यांना बोलावलं. काय दाखवायचं आणि काय नाही, हे प्रत्येकीनं स्वतः ठरवलं. दोघींनी आपली चित्रं घडी घालून पिशवीतच ठेवली, तेही बरोबरच होतं. गोधडी भिंतीवर लावली होती. सासवा आल्या, चार-पाच नवरेही आले. काळ्या तुकड्याजवळ त्या बाईचा नवरा उभा राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मला वाटायचं ही रुसलीय. पोरगी झाली म्हणून मी काही बोललो नव्हतो, पण तिच्याशीबी बोललो नव्हतो." एवढंच. पण त्या दिवसापासून रात्री एकदा लेकरू तो घेतो, असं ती सांगते. घरात जास्त बदल झाला का? सगळ्यांच्या घरी झाला नाही. एका सासूबाईंनी तर जाताना म्हटलं, "आमच्या वेळेला असली थेरं नव्हती." असू द्या. त्याही दोन तास बसून गेल्या.

आता एक गोष्ट अगदी कान देऊन ऐका. चित्र, गोधडी, ओवी यानं मन हलकं होतं, एकटेपण कमी होतं, आणि कुणाला जास्त त्रास आहे ते लवकर लक्षात येतं. पण ते औषध नाही. दोन आठवड्यांच्या वर कुणी उदास दिसली तर आशाताईला, एएनएम ताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथून पुढं जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. ‘टेलिमानस’ नावाची सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर आहे 14416. पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा. रात्री-बेरात्री कधीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात, म्हणून भिऊन घरी बसायचं नाही आणि सुरू केलेल्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

आणि बाई जिवाचं बरंवाईट करायचं बोलू लागली, लेकराला इजा करायचे विचार येतात म्हणाली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली किंवा एकदम बडबडू लागली, भान सुटलं, तर थांबायचं नाही. तिला आणि लेकराला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्यायचं. उतारा करण्यात वेळ घालवायचा नाही. हा आजार थोड्याच जणींना होतो, पण त्यात उशीर परवडत नाही.

तुमच्या गटात अशा बैठका घ्यायच्या असतील तर खर्चाची काळजी करू नका. कागद, गेरू, कोळसा, सुई, दोरा आणि चहा. चिंध्या घरच्याच. खरी मेहनत नियमांची आहे. आम्ही पाच नियम केले.

एक, खोलीत जे बोललं ते खोलीबाहेर जाणार नाही. विहिरीवर नाही, शेतात नाही, नवऱ्याजवळही नाही. हा नियम मोडला तर बैठक संपली असं समजा.

दोन, बोलायची, काढायची सक्ती नाही. नुसतं बसलं तरी चालतं.

तीन, चित्राला चांगलं-वाईट म्हणायचं नाही, बक्षीस ठेवायचं नाही. बक्षीस आलं की स्पर्धा आली आणि खरं बोलणं गेलं.

चार, सख्खी सासू आणि सून पहिल्या तीन बैठकांत एकत्र नको. चौथीला हवं तर या.

पाच, कुणी फार हलली, रडू थांबेना, तर तिला एकटी घरी पाठवायची नाही. एकीनं बरोबर जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या घरी जाऊन यायचं.

आपल्या बचत गटाच्या दशसूत्रीत ‘आरोग्य’ हे सूत्र आहेच. दर महिन्याला इतिवृत्तात आपण लिहितो, "आरोग्यावर चर्चा झाली." काय चर्चा झाली, ते आपलं आपल्याला ठाऊक. यापुढं त्या ओळीत एक खरी गोष्ट लिहायला सुरुवात करा. गटात कुणी पोटुशी असेल, कुणी बाळंत झाली असेल, कुणाचं पोट पडलं असेल, तर तिच्याकडं या महिन्यात कोण जाऊन आलं, त्या बाईचं नाव लिहा. आणि गेल्यावर पहिला प्रश्न लेकराचा विचारू नका. आधी विचारा, "तू कशी आहेस? झोप होतेय का?" विचारून झालं की उठू नका. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर लेकरू मांडीवर घ्या, तिला अंघोळीला जाऊ द्या, नाहीतर दोन तास झोपू द्या.

जाता जाता त्या दंडाचं सांगतो. चारही बैठका झाल्यावर गटानं ठराव केला, की बाळंतिणीला आणि आजारी बाईला दंड नाही, आणि त्या बाईचे चाळीस रुपये परत द्यायचे. अध्यक्ष पैसे घेऊन तिच्या घरी गेल्या. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, "याचा दोरा आणा. गावात आणखी दोघी पोटुशी आहेत." दोरा आणलाय. दुसऱ्या गोधडीला सुरुवात झालीय, आणि ती बाई आता स्वतः नव्या बाळंतिणींच्या घरी जाते.

दंडाची जुनी वही आम्ही फाडली नाही. त्या चार ओळी आणि त्याखालची आमची सही तशीच आहे. नवीन ताई कामाला आल्या की पहिल्या दिवशी आम्ही त्यांना ते पान उघडून दाखवतो.

आज एवढंच. आपल्या गल्लीत कुणी बाळंतीण असेल तर रेडिओ बंद केल्यावर तिच्याकडं जाऊन या. नमस्कार.